जुन्या फोनोची पारख

आश्विनांत देऊळगांव राजास बालाजीची यात्रा भरते, तेव्हां नोकरीधंद्यानिमित्त बाहेर पांगलेलीं आमच्या घरचीं माणसें गांवीं येतात. बंद घर उघडलें जातें, माळे झाडले जातात, आणि वर्षभर ज्यांची आठवणही कोणास नसते अशा वस्तु अंगणांत येऊन पडतात. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका झाडलोटींत माळ्यावरून एक काळी चौकोनी पेटी खालीं आली. तिच्याबरोबर कागदी पाकिटांत घातलेल्या चाळीस-पन्नास जड काळ्या तबकड्या होत्या. भंगारवाला दारांत उभाच होता. पेटी त्यानें लोखंडाच्या भावानें घेतली. तबकड्यांना त्याच्या तराजूंत किंमत नव्हती. कांहीं मुलांनीं खेळतां खेळतां फोडल्या, उरलेल्या त्यानें पेटीबरोबर पोत्यांत भरल्या. त्या तबकड्यांवर कोणाचीं नांवें होतीं हें मीं वाचूनसुद्धां पाहिलें नाहीं.

त्यानंतर वर्षाच्या आंतच मीं एका मोठ्या शहरांतील जुन्या बाजारांतून चकचकीत पितळी कर्ण्याचा एक ‘पुरातन’ ग्रामोफोन भली मोठी रक्कम मोजून विकत आणला. तो आजही माझ्या दिवाणखान्यांत उभा आहे. आलेगेले त्याची वाखाणणी करतात. परंतु तो गात नाहीं. चावी दिली तर कसाबसा किंचाळतो. जें यंत्र खरें होतें तें मीं घराबाहेर जाऊं दिलें, आणि जें खोटें होतें तें मानानें घरांत आणलें. ही चूक केवळ अज्ञानाची होती. चावीच्या जुन्या यंत्रांची पारख कशी करावी आणि त्यांत जपण्यासारखें काय असतें, हें मीं त्यानंतर हळूहळू शिकलों. जें शिकलों तें आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम नांवाचा घोळ. आपल्याकडे घरोघर या यंत्राला ‘फोनो’ म्हणत. पण आपल्या घरांतून जें वाजत असे तो बहुधा फोनोग्राफ नसून ग्रामोफोन असे. फोनोग्राफ एडिसननें १८७७ सालीं केला. त्यांत आवाज नळकांड्यावर उमटविला जाई. आरंभीं नळकांड्याभोंवतीं गुंडाळलेल्या कथिलाच्या वर्खावर, आणि पुढें मेणावर. ग्रामोफोन हा एमिल बर्लिनरचा. त्याचें पहिलें पेटंट १८८७ सालचें. त्यानें नळकांडें सोडून सपाट तबकडी घेतली. फोनोग्राफची सुई चरांत खालवर होते, ग्रामोफोनची डावीउजवीकडे डुलते. तबकडीचा मोठा फायदा असा कीं, तिचा धातूचा ठसा एकदां तयार झाला म्हणजे छापखान्यांतून पुस्तकें निघावींत तशा हजारों प्रती काढतां येतात. या छपाईच्या सोयीमुळेंच तबकडी घरोघर गेली आणि नळकांडें मागें पडलें. फोनोग्राफचा एक गुण मात्र ग्रामोफोनजवळ नव्हता. त्यावर घरच्याघरीं आवाज उतरवितां येई. तेव्हां एखाद्या घरांत मेणाचें नळकांडें निघालें, तर त्यावर कोणाचा आवाज असेल हें पाहिल्याशिवाय सांगतां येत नाहीं. तें हौसेनें यंत्रावर चढवूं नये, जाणत्याच्या हातीं द्यावें.

या दोन यंत्रांच्या चुरशीची एक खूण आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. कर्ण्यापुढें कान देऊन बसलेला तो पांढरा कुत्रा आपणांस आठवत असेल. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराच्या मूळ चित्रांत त्या कुत्र्यासमोर नळकांड्याचा फोनोग्राफ होता. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनें १८९९ सालीं तें चित्र घेतलें, तें फोनोग्राफ झांकून त्याच्या जागीं आपला ग्रामोफोन रंगवून देण्याच्या अटीवर. जगप्रसिद्ध झालेल्या त्या चित्राच्या रंगाखालीं असें एक दुसरेंच यंत्र दडलेलें आहे.

आतां यंत्राच्या पोटांत डोकावूं. चावीच्या ग्रामोफोनला विजेचा स्पर्शही नसतो. हातानें चावी दिली कीं लोखंडी डब्यांत गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग, आवळली जाते, आणि ती सैल होतां होतां थाळी फिरविते. स्प्रिंगचा जोर आरंभीं अधिक आणि शेवटीं कमी असतो. तरी थाळीचा वेग एकसारखा राहावा म्हणून गव्हर्नर नांवाचा भाग असतो. त्याच्या आंसाभोंवतीं पातळ पट्ट्यांवर तीन लहान वजनें बसविलेलीं असतात. वेग वाढला कीं वजनें बाहेर फेंकलीं जातात, त्यांच्या ओढीनें एक चकती सरकते आणि कातड्याच्या तुकड्यावर घासून वेगाला लगाम घालते. तबकडीच्या चरांतून सुई जाते तेव्हां ती थरथरते; ती थरथर साउंड-बॉक्समधील अभ्रकाच्या किंवा पातळ धातूच्या पडद्याला लागते; पडदा हवा हालवितो, आणि तो बारीक आवाज नळींतून कर्ण्यांत येऊन मोठा होतो. एवढीच सारी करामत आहे. म्हणून कर्णा ही शोभेची वस्तु नव्हे. नळीच्या सांध्यांत कोठें फट राहिली, किंवा कर्ण्याचा आकार चुकला, तर गाणें तेथेंच गळून जातें.

माझ्या दिवाणखान्यांतील यंत्राचें वर्म येथेंच आहे. जुन्या बाजारांतून आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांतून पितळी कर्ण्याचे जे ग्रामोफोन आज दिसतात, त्यांपैकीं फार मोठा भाग अलीकडे आपल्याच देशांत बनविलेल्या नकलांचा असतो. त्या परदेशांतही जातात, आणि तेथील संग्राहकांनाही त्यांनीं पुष्कळ फसविलें आहे. त्या ओळखण्याच्या कांहीं खुणा सांगतों.

पहिली खूण कर्ण्याची. खऱ्या जुन्या यंत्रांचे कर्णे बहुधा रंग दिलेल्या पोलादी पत्र्याचे असत. क्वचित् पितळेचे किंवा लांकडाचे. नकलेचा कर्णा पातळ, पिवळाजर्द, मोठमोठ्या पाकळ्यांचा असतो, आणि त्याला खालीं जोडलेला बांक ओबडधोबड डाग देऊन बसविलेला असतो. दुसरी खूण पेटीची. पेटी अष्टकोनी असली तर सावध व्हावें. खऱ्या यंत्रांत ती फारच विरळ. पेटी उलटी करून तळ पाहावा. नव्या लांकडाला काळपट पॉलिश देऊन जुनेपणा आणलेला असला, तर आंतल्या बाजूस कोरें लांकूड दिसतें. तिसरी खूण खिळ्यापेंचांची. जुन्या यंत्रांतील स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खांच असते. अधिकाच्या चिन्हासारखी फुली दिसली तर तो स्क्रू मागाहून बसविलेला आहे असें समजावें. चवथी खूण कुत्र्याच्या चित्राची. खऱ्या यंत्रावर तें बहुधा झांकणाच्या आंतल्या बाजूस छाप उठवून काढलेलें, नाजूक आणि काळानें फिकटलेलें असतें. नकलेवर पितळेचा नवा बिल्ला पुढल्या बाजूस ठळकपणें ठोकलेला असतो, आणि त्यावरील अक्षरेंही कधीं कधीं चुकलेलीं असतात.

पांचवी खूण थाळीखालची, आणि तीच मला सर्वांत जिव्हारीं लागली. एका जाणत्या गृहस्थांनीं माझ्या यंत्राची थाळी उचलून आंतलें मोटर दाखविलें. तें जुनें होतें, खरें होतें, आणि उत्तम चालत होतें. ‘हें कोठून आलें?’ असें मीं विचारलें. त्यांनीं सांगितलें कीं, नकला करणारे मोटर बनवीत बसत नाहींत. भंगारांत आलेल्या जुन्या पेट्या फोडून त्यांतील मोटर काढून घेतात. म्हणजे माझ्या पितळी खेळण्याच्या पोटांत कोणाच्या तरी माळ्यावरची काळी पेटी गडप झालेली आहे. आमच्या घरची पेटी अशाच कोणा अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यांत आज पितळी कर्णा मिरवीत उभी असेल.

म्हणून त्या काळ्या पेटीविषयीं दोन शब्द अधिक बोलतों, कारण आपल्या तालुक्याच्या गांवांतून अजून जीं खरीं यंत्रें सांपडण्याचा संभव आहे तीं बहुतेक याच जातीचीं आहेत. प्रवासांत नेण्याजोगी ही पेटी. तिला बाहेर कर्णा नसतो. कर्णा पेटीच्या आंतच दुमडलेला असतो, आणि आवाज झांकणाच्या मुळाशीं बाहेर पडून उघड्या झांकणावर आपटून खोलींत पसरतो. हिज मास्टर्स व्हॉइसची १०१ क्रमांकाची पेटी १९२५ सालीं निघाली आणि १०२ क्रमांकाची १९३१ सालीं. १०२ ची चावी उजव्या अंगास असते. १०१ च्या आरंभींच्या पेट्यांना ती पुढच्या बाजूस असे. साउंड-बॉक्सवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. १०२ वर बहुधा ‘५ ए’ किंवा ‘५ बी’ असा आढळतो. वरचें काळें कापड फाटलें असलें, निकल उडालें असलें, तरी बिघडत नाहीं. पेटी मूळच्या सर्व भागांसह आहे काय, हें पाहावें. मूळची चावी, मूळचा साउंड-बॉक्स आणि कोपऱ्यांतील पिनांची जागा, हीं सर्व असलीं तर ती पेटी माझ्या पितळी यंत्रापेक्षां शतपट मोलाची आहे.

परंतु, श्रोतेहो, पेटी कितीही चांगली असली तरी ती शेवटीं एक वाद्य आहे. खरी ठेव आहे ती तबकड्यांची. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले. लगेच पुढच्या वर्षीं, १९०२ च्या अखेरीस, ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. थोडक्या काळाच्या अंतरानें एक आवाज कायमचा गेला आणि दुसरा राहिला. त्या वेळीं मायक्रोफोन नव्हता. गायकानें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें आणि तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपावयाचा. तबकड्या छापल्या जात जर्मनींत, हॅनोव्हर येथें. म्हणून गाणें संपतांच कलावंत आपलें नांव इंग्रजींतून मोठ्यानें सांगत, म्हणजे तेथील कारागिरांना ओळख पटावी. कलकत्त्यास सियालदह येथें छपाईचा कारखाना निघाला तो १९०८ सालीं. विजेच्या साहाय्यानें मुद्रण १९२५ पासून सुरू झालें, आणि तेव्हांपासून आवाजांतील बारकावे तबकडींत उतरूं लागले.

ज्यांनीं गावयाचें मनावर घेतलें त्यांचे आवाज आपणांजवळ आहेत. अब्दुल करीम खां, बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, दीनानाथ मंगेशकर, हिराबाई बडोदेकर हीं सारीं मंडळी तबकड्यांवर भेटतात. याच्या उलट, भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत आणि अल्लादिया खां १९४६ पर्यंत हयात होते, मुद्रणाची सोय दाराशीं होती, तरी त्यांची एकही तबकडी आपल्या हातीं नाहीं. त्यांचें गाणें आज शिष्यांच्या गळ्यांतून आणि आठवणींतूनच ओळखावें लागतें. एका तबकडीचें मोल काय, तें या रिकाम्या जागांवरून कळतें.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला तर या तबकड्यांचा विशेष जिव्हाळा असावयास हवा. मेहकरला वकिली करणारे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनीं चाल लावून गायली, आणि १९३० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ती तबकडीवर आली. मराठी भावगीताच्या इतिहासांत ही तबकडी अगदीं आरंभींची म्हणून मोजतात. कवीचा संग्रह छापून निघाला तो १९५४ सालीं. म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधीं मेहकरची ती कविता कर्ण्यांतून महाराष्ट्रभर पोंचली होती. आमच्या त्या पोत्यांत गेलेल्या तबकड्यांत ती होती कीं नव्हती, हें मला आतां कधींच कळणार नाहीं.

तबकडी हातीं आली तर काय पाहावें? प्रथम ती कशाची आहे तें. चावीच्या यंत्राची तबकडी लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किड्यांनीं केलेली जी लाख, तिच्यांत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून ती बनवीत. झारखंड-छत्तीसगडच्या आणि पूर्व विदर्भाच्या रानांतून निघणारी लाख अशा रीतीनें साऱ्या जगाच्या गाण्याच्या कामीं आली. लाखेची तबकडी जड, कडक आणि ठिसूळ असते. पडली कीं फुटते. हलकी, लवचिक असेल तर ती पुढील काळांतील प्लास्टिकची होय. आपल्या देशांत लाखेच्या तबकड्यांची छपाई १९७० च्या सुमारास थांबली. मग मधल्या कागदाकडे वळावें. अगदीं आरंभींच्या तबकड्यांवर कुत्रा नसतो. पिसाच्या लेखणीनें लिहिणारा देवदूत असतो. १९०८ च्या आधींच्या तबकड्या बहुधा एकाच बाजूस मुद्रित असतात. कुत्र्याशिवाय ओडियन, कोलंबिया, मुंबईची यंग इंडिया अशींही नांवें आढळतात. कागदाच्या कडेला गुळगुळीत भागावर बारीक आंकडे उमटविलेले असतात. तबकडी केव्हांची हें ठरविण्यास त्यांचा फार उपयोग होतो, म्हणून तेही उतरून घ्यावे.

आतां जपणुकीविषयीं. तबकडी स्पिरिटनें कधींही पुसूं नये. स्पिरिटांत लाख विरघळते. साध्या पाण्यांत मऊ फडकें भिजवून, मधला कागद कोरडा ठेवून, चरांच्या दिशेनें पुसावी व सांवलींत वाळवावी. तबकड्या एकीवर एक रचूं नयेत; पुस्तकांसारख्या उभ्या, ताठ ठेवाव्या. आमच्याकडच्या वैशाखांत पत्र्याखालच्या माळ्यावर त्या वांकतात, म्हणून घरांतली थंड भिंत पाहावी. पोलादी पिन एका बाजूला एक हा नियम कंजूषपणा न करतां पाळावा. तबकडींतील दगडाची पूड पिनेचें टोंक घासून काढते, आणि घासलेलें टोंक पुढें चर खरवडतें. प्लास्टिकची तबकडी चावीच्या यंत्रावर लावूंच नये. त्या जड साउंड-बॉक्सखालीं ती एकाच वेळीं नासते.

यंत्राचा वेग पाहण्यास घड्याळ आणि कागदाचा कपटा पुरे. कपटा तबकडीच्या कडेखालीं सरकवून ठेवावा आणि अर्ध्या मिनिटांत किती फेरे होतात तें मोजावें. एकोणचाळीस झाले तर वेग मिनिटाला अठ्ठ्याहत्तर, म्हणजे बरोबर. गव्हर्नरच्या आंसाला शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब चालेल. स्प्रिंगचा डबा मात्र घरीं उघडूं नये. आंवळलेली पोलादी पट्टी सुटली तर हात फाडते. आणि पितळ, निकल, लांकूड चकचकीत करण्याचा मोह आवरावा. घासण्यांत कुत्र्याचा छाप एकदां गेला, तर यंत्राचा जन्मदाखलाच गेला.

संग्रह करावयाचा तो कशासाठीं, हा प्रश्न शेवटीं उरतोच. माझ्या मतें ज्याच्या घरीं पांच यंत्रें उभीं आहेत पण एकही गात नाहीं, तो संग्राहक नव्हे. ज्याच्याजवळ एकच पेटी आणि वीस तबकड्या आहेत, पण त्या वीसांची गायक, गाणें, कंपनी आणि क्रमांक अशी यादी आहे, तो खरा संग्राहक. मुंबईस १९९० सालीं ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली आणि तिनें आपलें नियतकालिकही काढलें. अशा मंडळींच्या चिकाटीमुळें कितीतरी विसरलेल्या गायकांचीं नांवें पुनः उजेडांत आलीं. विरळ तबकडी चावीच्या यंत्रावर वारंवार वाजवूं नये. हलक्या आधुनिक सुईनें ती एकदां संगणकावर उतरून घ्यावी आणि त्याची प्रत आप्तमित्रांना द्यावी. गाणें दहा घरीं असलें म्हणजे एका घरच्या झाडलोटीनें तें मरत नाहीं.

माझें पितळी यंत्र मीं काढून टाकलेलें नाहीं. त्याच्या पोटांतील मोटर खरें आहे, आणि कोणत्या तरी घरची ती ठेव आहे, म्हणून मीं त्याला तेल घालतों. मात्र कोणी पाहुणा त्याची स्तुति करूं लागला, तर त्याच्याजवळ बसून त्याला ही सारी हकीकत सांगतों आणि विचारतों, ‘आपल्या गांवच्या घरीं माळा आहे काय?’ तोच प्रश्न आज आपणां सर्वांस विचारतों. यंदा यात्रेला, दिवाळीला गांवीं जाल तेव्हां माळ्यावर चढा. भंगारवाल्याला थोडा वेळ थांबावयास सांगा. काळी पेटी निघाली तर उघडून पाहा, आणि तबकड्या निघाल्या तर त्यांवरचीं नांवें एकदां मोठ्यानें वाचा. आमच्या अंगणांत तेवढेंच करावयाचें राहून गेलें.